प्रेक्षकाला कधी काय कळतं? : पटकथेच्या रचनेबद्दल तुमचे प्रश्न

या वेळच्या पत्रांमध्ये बहुतेकांनी एकच दुखणं मांडलंय. गोष्ट हाताशी आहे, पात्रं ओळखीची आहेत, संवादही सुचतात, पण रचना जमत नाही. मी बरीच वर्षं संकलकांची सहायक म्हणून काम केलं आणि आता नव्या लेखकांच्या पटकथा वाचून त्यांच्याबरोबर बसते. त्यामुळे रचनेकडे मी संकलनाच्या टेबलावरूनच बघते. तेच सीन, तेच शॉट घेऊन नुसता क्रम बदलला तरी सिनेमा वेगळा होतो, कारण प्रेक्षकाला कुठली गोष्ट कधी कळते ते बदलतं. खालची उत्तरं याच एका मुद्द्याभोवती फिरणार आहेत.

प्रश्न : मी लातूरला शेतकी कॉलेजात शिकतो. माझ्या पटकथेतला मुलगा दूध गोळा करायला जुना टेम्पो घेतो, हप्ते थकतात आणि फायनान्सवाले टेम्पो ओढून नेतात. हे अडतिसाव्या पानावर होतं. मुंबईत काम करणारा एक सीनियर म्हणतो, पहिलं वळण पंचविसाव्या पानावर आलंच पाहिजे, तेरा पानं काप. कापू का?

पंचविसाव्या पानाचा हा आकडा कुठून आला ते आधी बघू. अमेरिकेतल्या सिड फील्ड यांनी १९७९ साली पटकथालेखनावर एक पुस्तक लिहिलं. त्यांचा हिशोब १२० पानांचा आहे. पहिली तीसेक पानं मांडणीची, मधली साठ संघर्षाची, उरलेली शेवटाची. मांडणी संपत आली की पंचवीस ते सत्तावीस पानांच्या दरम्यान गोष्ट वळते. त्यांच्याकडे पटकथा एका ठरलेल्या साच्यात टाइप करतात आणि त्या साच्यात एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट. तुमची पटकथा हाताने, वहीत लिहिलेली आहे. तुमचं एखादं पान अर्ध्या मिनिटात संपेल, एखादं तीन मिनिटं चालेल. तेव्हा पान मोजून काहीच कळणार नाही.

तरीही तुमची पानं कापायला हवीत असं मला वाटतं. कारण वेगळं आहे.

व्हित्तोरिओ दे सिका यांचा १९४८ सालचा ‘बायसिकल थीव्ज’ बघा. रिच्ची नावाच्या बेकार माणसाला भिंतींवर पोस्टर चिकटवायचं काम मिळतं, अट एकच, स्वतःची सायकल हवी. त्याची सायकल गहाण पडलेली आहे. त्याची बायको पलंगावरच्या चादरी ओढून काढते, घडी घालते आणि त्या गहाण टाकून सायकल सोडवते. गहाणवटीच्या दुकानातला माणूस ते गाठोडं घेऊन मांडणीवर चढतो. चढतो, चढतच राहतो. छतापर्यंत गाठोडी रचलेली आहेत, सगळी दुसऱ्या घरांच्या चादरींची. हा एक शॉट काढून टाकला तरी गोष्ट पुढे जाईल. पण मग पुढे चोरीला जाते ती नुसती सायकल. आता जी जाते ती एका घरातली अंथरुणं आहेत, आणि ही अवस्था एकट्या रिच्चीची नाही हेही आपल्याला आधीच कळून चुकलेलं आहे.

त्याच्या पुढचं बघा. बायको एका भविष्य सांगणाऱ्या बाईकडे जाते. रिच्ची खाली थांबतो, वैतागतो, सायकल तिथल्या पोरांच्या भरवशावर सोडून वर जातो. आता सायकल जाणार, असं प्रत्येक प्रेक्षकाला वाटतं. तो खाली येतो तर सायकल जागच्या जागी. दे सिकांनी आपल्याला धास्तावून सोडलं आणि लगेच हायसं वाटू दिलं. खरी चोरी होते ती कामाच्या पहिल्याच दिवशी, तो शिडीवर उभा राहून पोस्टरच्या सुरकुत्या काढत असताना.

आता तुमच्या पहिल्या सदतीस पानांत टेम्पो किती वेळा येतो ते मोजा. मला चार पानांवर सापडला. उरलेल्या पानांत कॉलेजची निवडणूक आहे, मित्राच्या लग्नाची वरात आहे, एक प्रेमाचं उपकथानक आहे जे पुढे कुठे येत नाही. टेम्पोच्या डाउन पेमेंटसाठी आईने काय मोडलं, ते तुम्ही शेवटाजवळ एका संवादात सांगताय. ते पुढे आणा. आई सोनाराच्या दुकानात बसलीय, वजनकाट्यावर तिची बोरमाळ ठेवलीय आणि ती आकड्याकडे न बघता दाराबाहेर उभ्या असलेल्या पोराकडे बघतेय, असा सीन असेल तर तो टेम्पो ओढून नेण्याच्या कितीतरी आधी हवा. मग ते वळण तिसाव्या पानावर येवो की पस्तिसाव्या.

प्रश्न : डोंबिवलीच्या एका निवृत्त संस्कृत शिक्षिका विचारतात : सगळे पाश्चात्त्य तीन अंकांबद्दल बोलतात. नाट्यशास्त्रातल्या पाच संधींचा, म्हणजे कथानकाच्या पाच टप्प्यांचा, आजच्या पटकथेला काहीच उपयोग नाही का?

आहे, आणि त्यातला बीजाचा, म्हणजे ज्यातून पुढची सगळी गोष्ट उगवते त्याचा, विचार मला आजही सर्वांत कामाचा वाटतो. मुखसंधीत बीज पडतं, प्रतिमुखात ते कधी दिसतं, कधी झाकलं जातं, गर्भसंधीत सापडल्यासारखं होऊन पुन्हा हरवतं. हे ‘कधी दिसतं, कधी झाकलं जातं’ फार बारीक निरीक्षण आहे. पुढच्या विमर्शात अडथळा येतो आणि निर्वहणात सगळे धागे एकत्र येतात. अडचण एवढीच की या मांडणीचा शेवट फलप्राप्तीत होतो, नायकाला हवं ते मिळतं. ज्या गोष्टीत ते मिळतच नाही तिथे शेवटचे दोन टप्पे आपले आपणच शोधावे लागतात. तुम्ही विद्यार्थ्यांना शिकवताना एखादा मराठी चित्रपट घेऊन त्यात बीज कुठे पडलं आणि कुठे झाकलं गेलं ते शोधायला सांगा. मुलांना ते आवडेल.

प्रश्न : मी इचलकरंजीची. माझ्या गोष्टीत सासू अंथरुणाला खिळलेली आहे आणि मुलगा मस्कतला नोकरीला. सून रोज संध्याकाळी ‘त्यांचा फोन आला होता’ म्हणून सासूला खुशाली सांगते. शेवटच्या सीनमध्ये कळतं की मुलगा वर्षापूर्वीच वारलाय. ज्यांना वाचायला दिली ते म्हणतात, मधला भाग कंटाळवाणा आहे. पण रहस्य आधी फोडलं तर उरेल काय?

ताई, उरेल ते जास्त मोलाचं आहे. तुम्ही एका धक्क्यासाठी अख्खा सिनेमा तारण ठेवलाय.

संदीप सावंत यांचा ‘श्वास’ (२००४) तुम्ही पाहिला असेलच. कोकणातले आजोबा नातवाला, परशाला, डोळे दाखवायला शहरात घेऊन येतात. डोळ्यांचा कॅन्सर निघतो. जीव वाचवायचा तर शस्त्रक्रिया करावी लागणार आणि दृष्टी जाणार. यातली सर्वांत हादरवणारी बातमी दिग्दर्शकाने शेवटासाठी राखून ठेवलेली नाही. ती आजोबांना कळते, आपल्याला कळते आणि ज्याचे डोळे जाणार त्या पोराला माहीत नसते. झालं, इथून पुढे प्रत्येक साधा सीन भरून येतो. परशा कशाकडे तरी टक लावून बघतो आणि आपला घसा दाटतो, कारण तो काय बघतोय हे त्याच्यापेक्षा आपल्याला जास्त कळतं. मग त्याला हे सांगायचं कुणी, कसं, हा प्रश्न उभा राहतो. आणि शस्त्रक्रिया लांबते तेव्हा आजोबा त्याला घेऊन दवाखान्याबाहेर पडतात, जे काही दाखवता येईल ते दाखवायला. पुढे काय होणार हे माहीत असल्यामुळेच ती भटकंती मनात राहते. बातमी शेवटी फोडली असती तर तोच भाग एका आजोबा-नातवाची सहल झाला असता.

तुमच्याकडेही तेच करा. पहिल्या दहा मिनिटांत सुनेला आणि आपल्याला कळू दे. मग रोजची संध्याकाळ हा एक सीन होतो. आज ती काय रचून सांगणार? सासू म्हणाली, मला त्याच्याशी बोलायचंय, तर? एक दिवस शेजारीण सांत्वनाला येऊन दारातच बोलायला लागली तर? यंत्रमागाचा खडखडाट गल्लीत दिवसरात्र असतोच, तो तुम्ही लिहिलाही आहे, फक्त वातावरण म्हणून. त्याच आवाजाचा आडोसा घेऊन सून रडते असं का नाही करत? असे सीन रहस्य दडवून लिहिताच येत नाहीत, कारण सुनेला एकटी दाखवायची तुम्हाला चोरी. सध्याच्या मसुद्यात ती एकदाही एकटी नाही हे तुमच्या लक्षात आलंय का?

आणि रहस्य हवंच असेल तर दुसरं ठेवा. सासूला हे पहिल्यापासून माहीत आहे का? याचं उत्तर शेवटपर्यंत देऊ नका.

प्रश्न : नागपूरहून, जिल्हा परिषदेतून निवृत्त. माझा नायक ग्रामसेवक आहे. गावात पाझर तलाव व्हावा म्हणून तो टेबलाटेबलांवर हिंडतो आणि तलाव पूर्ण होताच अपघातात जातो. त्यानंतरही मला बरंच सांगायचंय. नातू म्हणतो, नायक मेला की सिनेमा संपला. खरंय का?

तुमच्या नातवाला जवळ बसवा आणि दोघं मिळून अकिरा कुरोसावा यांचा १९५२ सालचा ‘इकिरू’ बघा. जपानी आहे, सबटायटल वाचावी लागतील, पण सरकारी कचेरीत आयुष्य घालवलेल्या माणसाला तो समजावून सांगावा लागणार नाही. कुरोसावा, शिनोबु हाशिमोतो आणि हिदेओ ओगुनी या तिघांनी मिळून ती पटकथा लिहिली. रचना शिकायची म्हणून कुणी मला एकच चित्रपट विचारला तर मी हाच सांगते.

पहिलाच शॉट पोटाच्या एक्स-रेचा. निवेदक सांगतो, हे आपल्या नायकाचं पोट, यात कॅन्सर आहे, त्याला अजून माहीत नाही. म्हणजे इथेही सर्वांत मोठी बातमी पहिल्या मिनिटाला हातावर ठेवली. नायक वातानाबे हा नगरपालिकेतला एका खात्याचा प्रमुख, समोर कागदांचे ढीग आणि हातात शिक्का. काही बायका तक्रार घेऊन येतात, वस्तीतलं सांडपाण्याचं डबकं बुजवून मुलांना खेळायला जागा करून द्या. त्यांना या खिडकीवरून त्या खिडकीवर पाठवलं जातं. हे खातं नाही, ते खातं. ते नाही, पलीकडचं. असं करत त्या फिरून पहिल्याच खिडकीशी येतात. तुम्ही तुमच्या पत्रात बांधकाम विभागाच्या जिन्याचं जे वर्णन केलंय, ते मला लगेच आठवलं.

आता वातानाबेला आजार कळतो तो सीन बघा. दवाखान्याच्या बाकावर एक अनोळखी रुग्ण त्याला सांगतो, की कॅन्सर असला ना, तर डॉक्टर खरं सांगत नाहीत. साधा अल्सर आहे म्हणतात, ऑपरेशनची गरज नाही म्हणतात, वाटेल ते खा म्हणतात. वातानाबे आत जातो आणि डॉक्टर शब्द न शब्द तेच बोलतात. डॉक्टरांना वाटतं आपण लपवलं, त्याला कळलेलं असतं आणि आपण त्याचा चेहरा बघत बसतो. ‘तुम्हाला कॅन्सर आहे’ हे वाक्य सीनमध्ये नाहीच. तुमच्यासारख्या नव्या लेखकांनी हा सीन चार वेळा बघावा.

मग तो रात्री बाहेर काढतो, दारू पितो, काही साधत नाही. त्याच्या कचेरीतली एक तरुण मुलगी नोकरी सोडून खेळण्याच्या कारखान्यात लागलेली असते, तिच्या मागे मागे फिरतो. ती आपण बनवलेला चावीचा ससा टेबलावर ठेवते आणि म्हणते, तुम्हीपण काहीतरी बनवा ना. तो ससा उचलून घाईघाईने जिना उतरतो. जिन्यावर काही मुलंमुली त्यांच्या मैत्रिणीसाठी वाढदिवसाचं गाणं म्हणत असतात. ती मैत्रीण वर येतेय, हा खाली उतरतोय, गाणं दोघांच्या मधे. दुसऱ्या दिवशी तो कचेरीत येतो, ढिगातून त्या बायकांचा अर्ज काढतो आणि बाहेर पडतो.

आणि लगेच निवेदक सांगतो, पाच महिन्यांनी आपला नायक वारला.

सिनेमाचा मोठा भाग अजून शिल्लक आहे! समोर त्याचा फोटो, श्रद्धांजलीला जमलेले सहकारी. बाग तयार झालीय आणि श्रेय उपमहापौर घेतोय. तेवढ्यात वस्तीतल्या त्या बायका येतात, कुणाशी काही न बोलता फोटोपुढे रडतात, जातात. साहेब लोक अवघडून उठतात. मागे राहिलेले कारकून पीत पीत वाद घालायला लागतात. त्याने केलं काय खरंच? का केलं? त्याला आजार माहीत होता का? एकेकाला एकेक प्रसंग आठवतो आणि ते तुकडे आपल्याला दिसतात. कुणाच्या दारात तो तासन्‌तास वाकून उभा राहिला, कुणाच्या धमकीला नुसतं हसला. शेवटी एक पोलीस त्याची सापडलेली टोपी घेऊन येतो आणि बर्फात झोक्यावर बसून तो गात होता हे सांगतो.

हे सरळ क्रमाने दाखवलं असतं तर काय झालं असतं? एक म्हातारा एक एक टेबल जिंकत जातो आणि प्रेक्षक टाळ्या वाजवतो. कुरोसावांनी ते नाकारलं. त्यांनी त्या माणसाची धडपड ज्यांनी ती बघूनही ओळखली नाही, त्यांच्या तोंडून सांगितली. या खोलीत आपलं स्थान विचित्र आहे. आजार त्याला माहीत होता हे आपल्याला पक्कं ठाऊक, कारकून त्यावर भांडतायत. त्या पाच महिन्यांत त्याने काय केलं हे मात्र कारकुनांना ठाऊक आणि आपल्याला नाही. दोघांकडे अर्धं अर्धं आहे. म्हणून इतका वेळ एकाच खोलीत बसून बोलणारी माणसं बघताना कंटाळा येत नाही. सगळे भारावून शपथा घेतात, आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत नवा अर्ज येतो तेव्हा नवा प्रमुख तो शांतपणे दुसऱ्या खात्याकडे पाठवतो. एक जण उठून उभा राहतो, काही बोलत नाही, पुन्हा खाली बसतो. समोरच्या कागदांआड दिसेनासा होतो.

तर तुमचा ग्रामसेवक. तुमच्या मसुद्यात त्याच्या मरणानंतर सरपंच एक लांब भाषण करतात आणि त्यात सगळं सांगून टाकतात. ते भाषण काढा. त्याऐवजी तलावात पहिलं पाणी आलंय आणि चार माणसं काठावर आहेत असं धरा : ठेकेदार, बायको, कार्यालयातला शिपाई आणि ज्याची जमीन तलावात गेली तो शेतकरी. प्रत्येकाला ग्रामसेवकाबद्दल एक गोष्ट ठाऊक आहे, जी बाकीच्या तिघांना ठाऊक नाही. ती वहीत लिहून काढा. त्यातली एक अशी असू द्या की जी आधी फक्त प्रेक्षकाने पाहिलीय. शेतकऱ्याला त्याचा राग असला तर बरंच, सगळ्यांनी गोडवे गायले तर तुमच्या माणसाची उंची कमीच होईल. नातवाला सांगा, नायक गेल्यावर तुमचा सिनेमा सुरू होतो.

प्रश्न : पुण्यात आयटीत आहे, पहिला चित्रपट लिहितोय. परदेशी चित्रपटांत मध्यंतर नसतं, ओटीटीवरही नसतं. मग इंटरव्हल पॉइंट डोक्यात ठेवून लिहायची गरज आहे का?

थिएटरात लावायचा असेल तर आहे. आपल्याकडे मध्ये दिवे लागणारच. तुम्ही जागा ठरवली नाहीत तर दुसरं कुणीतरी ठरवेल आणि ते तुमच्या सीनचा गळा धरेल.

मध्यंतर ही नुसती सोय आहे असं मी मानत नाही. नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ (२०१६) घ्या. बिटरगावातली आर्ची बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते, गाणी दणदणतात, सगळं उजळ आणि मोठं. पुढच्या भागात परश्याबरोबर पळून आलेली तीच आर्ची हैदराबादच्या झोपडपट्टीत पाण्याला, संडासाला, वासाला वैतागून रडते. कारखान्यात कामाला जाते. परश्या डोशाच्या गाडीवर राबतो. गाण्यांचा तो जोर उरत नाही. दोन वेगळ्या जातीचे चित्रपट एकमेकांना जोडलेत आणि तरी ते एकच आहेत, कारण ज्या घराचा माज पहिल्या भागात आपण हसत हसत पाहिला, त्याच घरातली माणसं शेवटी आईने दिलेल्या वस्तू घेऊन दारात येतात. आर्ची चहा टाकते. आपल्याला घरच्यांची नियत माहीत आहे, तरी त्या क्षणी आपणही तिच्यासारखीच आशा करतो. पुढचं सगळं लहान मुलाच्या पावलांवरून कळतं, आवाजही काढून घेतलेला असतो.

तुमच्या पटकथेत इंटरव्हलला नायिकेला बहिणीचं पत्र सापडतं आणि ती ते उघडते, कट. पत्रात काय आहे ते लगेच मध्यंतरानंतर पहिल्या सीनमध्ये वाचलं जातं. दोन कारणांनी हे बदला. एक, तेव्हा निम्मे लोक पॉपकॉर्नचे डबे सांभाळत आपली खुर्ची शोधत असतात, त्या दोन-तीन मिनिटांत जीव अडकलेली माहिती ठेवायची नसते. दुसरं म्हणजे ‘पत्रात काय आहे’ हा प्रश्न फार लहान आहे, चहा संपेपर्यंतही टिकणार नाही. तिला पत्र मध्यंतराआधी वाचू द्या, आपल्यालाही वाचू द्या, आणि ते घडी करून पर्समध्ये ठेवून ती बहिणीच्याच साखरपुड्याच्या मांडवात शिरतेय तिथे दिवे लागू द्या. परत आल्यावर मांडवातली गडबड दाखवा, पंगत, फोटो, पाहुणे. लोक स्थिरस्थावर झाले की मग बहिणीला तिच्यासमोर आणा. आणि त्या सीनचे दोन मसुदे करून पाठवा, एकात बहिणीला पत्र सापडल्याचं माहीत आहे, दुसऱ्यात नाही.